५२ टक्के काम झालंय, तरी डेटा बार रिकामा का दिसतो?

पानमोजणी

नमस्कार. प्रश्न एक्सेलचा आहे, पण मागचं थोडं सांगितल्याशिवाय तो का विचारतेय ते कळणार नाही, म्हणून जरा लांब लिहिते.

आम्ही काही जण दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो. सध्या तेवीस जण वाचतात, प्रत्येकाकडे एकेक पुस्तक. कुणाचं ४० पानांचं, कुणाचं ४०० पानांचं. कोणाचं किती झालं याचा तक्ता मी ठेवते. सी स्तंभात एकूण पानं, डी स्तंभात झालेली पानं आणि ई स्तंभात डी भागिले सी, टक्क्यांत. दर रविवारी रात्री सगळ्यांचे आकडे भरायचे आणि तक्त्याचा फोटो गटावर टाकायचा, असा शिरस्ता आहे.

नुसत्या आकड्यांच्या रांगेकडे कुणी बघत नाही, म्हणून मागच्या महिन्यात मी ई स्तंभाला कंडिशनल फॉरमॅटिंगमधले (मूल्य बघून सेलचं रूप बदलणारी सोय) डेटा बार लावले, म्हणजे आकडा जितका मोठा तितकी सेलमध्ये लांब रंगीत पट्टी. सुरुवातीला छानच दिसले. फक्त सगळ्यांत पुढे असलेल्या ९७ टक्क्यांची पट्टी सेलभर पसरली होती. उरलेले ३ टक्के रिकामे दिसायला हवेत असं मला वाटलं. म्हणून एडिट रूल उघडलं. तिथे मिनिमम आणि मॅक्सिमम यांच्या खाली टाइप निवडायला मिळतो आणि त्यात ‘पर्सेंट’ आहे. टक्केवारीच दाखवायची आहे, तर हेच हवं, असं समजून मी पर्सेंट निवडलं, एकीकडे ० आणि दुसरीकडे १०० लिहिलं, ओके केलं आणि फोटो टाकून झोपले.

सकाळी एका वाचक ताईंचा फोन आला. त्यांची ३०० पैकी १५६ पानं झाली आहेत, म्हणजे ५२ टक्के. घरातले उठायच्या आधी, पहाटेच्या शांततेत त्या वाचतात. फोटोत त्यांच्या सेलमध्ये पट्टीच नव्हती. शेजारच्यांच्या निळ्या पट्ट्या आणि यांचा सेल कोरा. “माझी पानं तुमच्यापर्यंत पोचली नाहीत का? की ती धरायचीच नाहीत असं ठरलंय? तसं असेल तर पुस्तक दुसऱ्या कुणाकडे द्या.” आकडा तिथेच ५२ असा लिहिलेला होता, पण पट्टी दिसली नाही म्हटल्यावर आकड्याकडे कोण बघतं? त्यांची समजूत घालायला मला अर्धा तास लागला आणि अजूनही ती गोष्ट मनातून जात नाही.

मग मी पट्ट्या काढून सिग्नलसारखे लाल-पिवळे-हिरवे गोल लावले. तिथे ६७ आणि ३३ हे आकडे आधीच भरलेले होते. ते ठीक वाटले, तसेच ठेवले. तर ६४ टक्के झालेल्याला लाल गोल! ८० टक्केवाल्याला पिवळा! पुढच्या आठवड्यात एक नवीन वाचक आले, त्यांचे अर्थातच ० टक्के. त्यांची ओळ भरताक्षणी ६४ चा गोल पिवळा झाला आणि ८० चा हिरवा. त्या दोघांनी मधल्या काळात एकही पान वाचलेलं नव्हतं. एका माणसाच्या येण्याने दुसऱ्याची प्रगती कशी बदलते, हे मला समजावून सांगा. आणि पट्टी, गोल, रंग यांतलं नेमकं काय वापरावं? मला एवढंच हवंय की ५२ टक्के म्हणजे अर्ध्याहून किंचित जास्त, हे बघणाऱ्याला दिसावं, आणि पुढच्या रविवारीही तसंच दिसावं.

जुनीखातेवही

तुमचं काही चुकलेलं नाही. त्या डायलॉगमध्ये ‘पर्सेंट’ हा शब्दच फसवा आहे, आणि तुमच्यासारख्या नीट विचार करून निवडणाऱ्या माणसालाच तो फसवतो.

तिथला पर्सेंट म्हणजे सेलमधली टक्केवारी नव्हे. निवडलेल्या सेलमधलं सर्वांत लहान मूल्य ते सर्वांत मोठं मूल्य एवढ्या अंतराचे ते टक्के. तुमच्या स्तंभात सर्वांत कमी ५२ आणि सर्वांत जास्त ९७. म्हणजे एक्सेलच्या लेखी ० टक्के म्हणजे ५२, १०० टक्के म्हणजे ९७. मधलं अंतर ४५. ताईंची पट्टी शून्य लांबीची झाली ती म्हणूनच. ज्यांचे ६४ होते त्यांची पट्टी सेलच्या जेमतेम पाव भाग आली असणार, कारण ६४ हे ५२ पासून १२ पुढे आहे आणि १२ भागिले ४५ म्हणजे साधारण २७ टक्के. दोन तृतीयांशाच्या जवळ पोचलेला माणूस पावभर दिसतो. त्यांनी फोन केला नाही इतकंच.

गोलांचंही तसंच. ६७ आणि ३३ यांच्यापुढच्या टाइपमध्ये बघा, तिथेही पर्सेंट असेल. ५२ मध्ये ४५ चे ३३ टक्के मिळवले की ६६.८५ येतात, ६७ टक्के मिळवले की ८२.१५. म्हणून ६४ लाल आणि ८० पिवळा. नवीन वाचक ० घेऊन आले आणि अंतर ४५ चं ९७ झालं. आता सीमा ३२ आणि ६५ च्या आसपास आल्या. ६४ पिवळा, ८० हिरवा. पट्ट्या काढल्या नसत्या, तर ताईंची नाहीशी झालेली पट्टीही त्याच क्षणी अर्ध्याच्या थोडी पुढे गेली असती. ही मोजपट्टी इतरांच्या तुलनेत सरकते. कोण पुढे, कोण मागे हे बघायचं असेल तिथे तिचा उपयोग आहे. आपलं आपलं पुस्तक किती झालं हे दाखवायला ती वापरूच नये.

उपाय साधा आहे. ई स्तंभातले सेल निवडा. होम, मग कंडिशनल फॉरमॅटिंग, मग मॅनेज रूल्स, नियमावर क्लिक करून एडिट रूल. मिनिममचा टाइप ‘नंबर’ करा आणि व्हॅल्यूत ० लिहा. मॅक्सिममचाही टाइप ‘नंबर’ करा आणि व्हॅल्यूत १ लिहा. लक्षात घ्या, एक, शंभर नाही. सेलमध्ये १०० टक्के दिसतात तेव्हा आत साठवलेलं मूल्य १ असतं आणि ५२ टक्के म्हणजे ०.५२. तिथे चुकून १०० लिहिलंत तर सगळ्या पट्ट्या नाहीशा झाल्यासारख्या दिसतील आणि तुम्ही पुन्हा रात्रभर शोधत बसाल.

सुरुवातीला, काही न बदलता, ९७ ची पट्टी सेलभर होती तेव्हा टाइप ‘ऑटोमॅटिक’ होता. त्यात सगळी मूल्यं धन असली तर पट्टी शून्यापासून सुरू होते, पण तिचं दुसरं टोक सर्वांत मोठ्या मूल्याला बांधलेलं असतं. सगळ्यांत पुढचा वाचक ६१ वर असता तरी त्याची पट्टी पूर्ण भरलेली दिसली असती. ते तुमच्या नजरेला खटकलं ते बरोबरच होतं.

तिथेच फिलमध्ये ग्रेडियंटऐवजी सॉलिड करा. ग्रेडियंटमध्ये रंग टोकाकडे विरत जातो आणि पट्टी नेमकी कुठे संपली तेच कळत नाही. ज्या जागी बघायचं तीच जागा पुसट. सॉलिड फिल एक्सेल २०१० पासून आहे. गटात कुणाकडे २००७ असेल तर तिथे सॉलिड मिळणार नाही आणि सर्वांत लहान मूल्यालाही पट्टीचा एक तुकडा दिसेल, कारण त्या आवृत्तीत पट्टी शून्य लांबीची होतच नसे. नियम लिहायचा संगणक एकच ठेवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, काय वापरावं. माझं मत पट्टीच्या बाजूने आहे आणि त्याला आधार आहे. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोघांनी १९८४ मध्ये माणसं आलेखातून प्रमाण कितपत अचूक ओळखतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच मोजपट्टीवरची जागा ओळखण्यात माणसं सर्वांत कमी चुकतात. मग लांबी, त्यानंतर कोन, क्षेत्रफळ, आणि रंगाची गडद-फिकट छटा अगदी शेवटी. एका स्तंभातल्या सगळ्या पट्ट्या डावीकडच्या एकाच रेषेवरून निघतात, म्हणजे डोळ्याला सर्वांत सोपं तेच काम आपण देतो. कलर स्केलमध्ये, म्हणजे आकड्यानुसार सेलचा रंग बदलतो त्या प्रकारात, ५२ आणि ६४ यांच्या छटा शेजारी ठेवूनही फरक सांगता येत नाही. शेकडो सेलच्या तक्त्यात कुठे गर्दी आहे हे बघायला कलर स्केल चांगलं, तेवीस माणसांसाठी नको.

पट्टीवर आकडा चढून वाचायला त्रास होत असेल तर एफ स्तंभात ई चंच मूल्य घ्या, पट्टी तिथे लावा आणि ‘शो बार ओन्ली’वर खूण करा. आकडा ई मध्ये, पट्टी एफ मध्ये. स्तंभ बऱ्यापैकी रुंद ठेवा. अरुंद सेलमध्ये ५२ आणि ५८ सारखेच दिसतात.

अजून एक सांगून थांबतो, कारण यात मी स्वतः पोळलोय. सेलमध्ये ९० टक्के दिसतात याचा अर्थ आत ०.९ आहे असा नाही. २५० पैकी २२४ पानं झाली तर ८९.६ टक्के होतात, दशांश न दाखवल्यास सेल ९० म्हणतो, पण ‘०.९ किंवा जास्त’ हा नियम मात्र ते मान्य करत नाही. बघणाऱ्याला वाटतं नियम मोडलाय. उलट ४०० पैकी ३९९ झाली तर सेल १०० टक्के म्हणतो आणि एक पान राहिलेलं असतं. राउंड हे जवळच्या आकड्याला नेणारं फंक्शन वापरू नका, ते ३९९ ला पूर्ण ठरवेल. नेहमी खालीच उतरवणारं राउंडडाउन वापरा, दोन दशांशांपर्यंत, म्हणजे ०.८९६ चे ०.८९. मग ८९.६ चे ८९ दिसतील, नियमही ८९ च धरेल, आणि शेवटचं पान वाचून झाल्याशिवाय १०० येणार नाहीत. पुस्तक ऐकणाऱ्यासाठी शेवटचं पान फार महत्त्वाचं असतं.

रंगभान

वरचं उत्तर पूर्ण आहे, फक्त गोलांबद्दल लिहायचं होतं. मला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. जन्मापासून. सिग्नलसारख्या तीन गोलांचा तक्ता माझ्यापुढे आला की मला एक पिवळा गट दिसतो आणि बाकी सगळे एकसारखे मळकट. बैठकीत “हिरवे सगळे संपले ना?” असं विचारतात तेव्हा मी शेजाऱ्याकडे बघतो. तेवीस जणांत माझ्यासारखं कुणी असेल आणि त्याने सांगितलं नसेल, हे सहज शक्य आहे. तोच तक्ता रंगाशिवाय छापून बघा, तुम्हालाही माझ्यासारखं दिसेल.

खुणा हव्याच असतील तर आयकॉन सेट्समध्ये ‘फाइव्ह क्वार्टर्स’ म्हणून संच आहे. काळ्या-पांढऱ्या वर्तुळांचा: रिकामं, पाव भरलेलं, अर्धं, पाऊण, पूर्ण. टक्क्यांसाठी इतकी सरळ खूण दुसरी नाही. पण त्यातही आधी भरलेले आकडे ८०, ६०, ४०, २० असतात आणि टाइप पर्सेंट, म्हणजे तोच सापळा. चारही ठिकाणी टाइप नंबर करा आणि वरून खाली १, ०.७५, ०.५, ०.२५ लिहा. मग काळं वर्तुळ पूर्ण भरलं म्हणजे पुस्तक खरोखर पूर्ण, आणि ताईंचे ५२ म्हणजे अर्धं वर्तुळ. रंग कुणाला दिसो न दिसो.

पानमोजणी

दोघांचेही मनापासून आभार. ० आणि १ लिहिलं आणि स्तंभ एकदम खरा वाटायला लागला. नवीन वाचकांची ओळ मुद्दाम काढून, परत घालून पाहिली. बाकी कुणाची पट्टी जागची हलली नाही. फाइव्ह क्वार्टर्सही लावलेत.

दोन गोष्टी अडल्यात. एका पुस्तकाची एकूण पानं मी ४०० धरली होती, पण वाचणाऱ्यांनी प्रस्तावनाही वाचली, त्यामुळे झालेली पानं ४१२, म्हणजे १०३ टक्के. त्यांची पट्टी आणि १०० टक्केवाल्यांची पट्टी सारखीच दिसते. मॅक्सिमम १.२ करू का? दुसरं, आज दोन नवीन पुस्तकं लिहिली, त्यांची पानं मोजायची आहेत म्हणून सी स्तंभ रिकामा ठेवला, तर संपूर्ण स्तंभातल्या पट्ट्या गायब झाल्या. माझ्या पोटात गोळाच आला.

जुनीखातेवही

१.२ करू नका. तसं केलंत तर ज्यांनी पुस्तक पूर्ण केलंय त्यांची पट्टी कायम अपुरी दिसेल, आणि ही चूक आधीच्या चुकीपेक्षा वाईट. एका पुस्तकात १०० च्या वर काही नसतंच. १०३ आले म्हणजे सी मधला आकडा चुकलाय, तो प्रस्तावना धरून दुरुस्त करा. असे सेल चटकन सापडावेत म्हणून त्याच स्तंभाला दुसरा एक नियम जोडा: सेलचं मूल्य १ पेक्षा जास्त असेल तर अक्षरं ठळक. डेटा बार आणि हा नियम एकत्र नांदतात.

पट्ट्या गायब झाल्या कारण सी रिकामा म्हणजे शून्याने भागाकार, आणि ई मध्ये त्रुटी आली. डेटा बार लावलेल्या सेलपैकी एकातही सूत्राची त्रुटी असली तर तो नियम संपूर्ण निवडीलाच लागू होत नाही. ई मधलं सूत्र इफएररमध्ये गुंडाळा आणि त्रुटी आल्यास दोन अवतरण चिन्हं, म्हणजे रिकामा मजकूर, द्यायला सांगा. मजकुराच्या सेलला पट्टी मिळत नाही आणि बाकीच्यांचं बिघडत नाही. तिथे ० देऊ नका. पानं मोजायची राहिली आहेत आणि वाचायला सुरुवात झालेली नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमच्या तक्त्यात तळाशी एकूण टक्केवारी असेल तर ती ई ची सरासरी आहे का तेही बघून घ्या. ४० पानांचं पुस्तक पूर्ण आणि ४०० पानांचं अर्धं झालं, तर टक्क्यांची सरासरी ७५ येते. पण पानं ४४० पैकी २४० च झालेली असतात, म्हणजे साडेचोपन्न टक्के. तळाला डी ची बेरीज भागिले सी ची बेरीज हवी.

वहीतलीरेघ

कुणी गूगल शीट्स वापरत असेल तर: तिथल्या कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये सिंगल कलर आणि कलर स्केल एवढंच आहे, डेटा बार नाहीत. पट्टी हवी असेल तर शेजारच्या स्तंभात स्पार्कलाइन हे सेलच्या आत छोटा आलेख काढणारं फंक्शन लिहायचं, चार्टटाइप बार. त्यात मॅक्स १ लिहायला विसरलात तर एकटं मूल्य कितीही असो, पट्टी सेलभरच येते. ५२ सुद्धा पूर्ण, ९७ सुद्धा पूर्ण. माझे दोन महिने असेच गेले. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये मात्र डेटा बार आहेत आणि तिथेही हद्द ठरवताना पर्सेंट सोडून व्हॅल्यू निवडायचं.

कानांनीवाचणारा

मी तुमची पुस्तकं ऐकणाऱ्यांपैकी आहे. तुमच्याच गटाची असं नाही, पण अशीच. आणि नोकरीत एक्सेल रोज वापरतो, स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने.

वर ‘शो बार ओन्ली’ सांगितलंय ते आकड्याचा स्तंभ शेजारी ठेवून, म्हणून ठीक आहे. पण आकडा लपवून नुसती पट्टी कधीच ठेवू नका. मी सेलवर जातो तेव्हा मला आकडा ऐकू येतो. पट्टी किती लांब, गोल कुठला, यातलं काही माझ्यापर्यंत पोचत नाही. त्यापेक्षा आणखी एक स्तंभ करा, त्यात इफ वापरून शब्द येऊ द्या: सुरू व्हायचं, चालू, पूर्ण. तो शब्द मला ऐकू येतो, फिल्टरही करता येतो, आणि ज्यांना दिसतं त्यांनाही त्याचा त्रास नाही.

आणि तुम्ही रविवारी तक्त्याचा फोटो टाकता. फोटोतलं मला काहीच कळत नाही. गटात आमच्यापैकी कुणी असेल तर फाइलच पाठवा, किंवा फोटोखाली चार ओळी लिहा.

पानमोजणी

फोटोचं कधी लक्षातच आलं नव्हतं, आणि आमच्या गटात ध्वनिफिती तपासणारे दादा स्वतः दृष्टिहीन आहेत. इतके महिने रविवारचा तक्ता त्यांना कोणीतरी वाचून दाखवत असणार, किंवा दाखवतही नसेल. आज त्यांना विचारलं, तर म्हणाले, “तुम्ही टाकता हे माहीत होतं, त्यात काय असतं ते नव्हतं.” यापुढे फाइल जाईल.

इफएरर लावला, प्रस्तावनेची पानं धरली, तळाचा आकडा बदलला. तळाला मी सरासरीच घेत होते. खरा आकडा कमी निघाला, तो तसाच लिहिला. स्थितीचा स्तंभ ई च्या लगेच पुढे घेतलाय, म्हणजे आकड्यानंतर तोच ऐकू येईल.

पहाटे वाचणाऱ्या ताईंना नवीन फाइल वेगळी पाठवली होती. आता त्यांची १७१ पानं झालीत, ५७ टक्के. त्यांनी उत्तरात एवढंच विचारलं, की पट्टी अर्ध्याच्या पुढे गेलीय ती त्यांच्याच नावासमोर आहे ना. हो म्हणून सांगितलं.